कोरा पडदा

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या त्या शिक्षिकेला प्रशिक्षण केंद्रात सगळे ‘सोप्या बाई’ म्हणत. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू, हे त्या इतकं हसतखेळत सांगायच्या की माउसला बिचकणारेही बघता बघता छोटं ॲप्लिकेशन लिहायला लागत. सकाळी नवखे, दुपारी थोडे मुरलेले, यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

मग डोळ्यांनी दगा दिला. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाईंनी ते नवऱ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही. धडे तोंडपाठ होते, त्यावर दिवस ढकलत राहिल्या.

एका दुपारी एका मुलीने ग्रंथालयातल्या पुस्तकांची देवघेव नोंदवणारा आपला प्रोग्राम मोठ्या पडद्यावर लावला. “बाई, बरोबर आहे ना?”

“छान जमलाय,” बाई म्हणाल्या.

मुलगी चाचरत म्हणाली, “बाई, प्रोजेक्टर आत्ताच बंद पडला. पडदा कोरा आहे.”

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “मला दिसत नाही गं आता,” त्या म्हणाल्या. “तू वाच, मी ऐकते.”

मुलगी एकेक ओळ वाचू लागली. “थांब,” बाई मध्येच म्हणाल्या. “पुस्तक परत आलं, पण ते आता दुसऱ्याला देता येईल, हे तू कुठे लिहिलंस?”

ती चूक दुरुस्त करून घेतली आणि संध्याकाळी बाईंनी राजीनामा दिला. नवरा न्यायला आला होता.

“सांगितलंस?”

“सांगावं लागलं,” त्या म्हणाल्या, आणि रोजचाच जिना त्याचा हात धरून उतरल्या.