साडूचा मिक्सर आणि पुढचा दांडा

कायतानच्या घरात मिक्सर सुरू झाला की शेजारच्या घरात पास्कूच्या पोटात पातं फिरायचं.

दोघे सख्खे साडू. पास्कूची सेलिन आणि कायतानची ओलिंदा एका आईच्या लेकी. दोन घरांच्या मधे पूर्वी एक माड होता, कायतानचा. वादळात तो पडला तो पास्कूच्या कौलांवर. त्यानंतर मधे काहीच उरलं नाही, त्यामुळे साडूचं सुख आता थेट कानावर यायचं.

गाव रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेवर. तिथे किरिस्तावांची जुनी वस्ती. पोर्तुगीज गेले ते जाताना चर्च, पाव आणि आपल्या बोलीचे तुकडे ठेवून गेले. घरात प्रेम, प्रार्थना, मीठमिरची सगळं त्या बोलीत. भांडण मात्र मराठीत, कारण ते सगळ्या गावाला कळायला हवं. पास्कूचं काशीदच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान. मुंबईकरांच्या टायरात खिळा घुसला की त्याच्या घरी सुरमई शिजायची. कायतान त्याच मुंबईकरांना घराच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचा, म्हणजे पास्कूकडे आलेलं गिऱ्हाईक वैतागलेलं आणि कायतानकडे गेलेलं खूष. आता यात कायतानचा काय दोष? पण हा प्रश्न पास्कूला विचारायची सोय नव्हती.

मिक्सरची गोष्ट अशी. गेल्या वर्षी चर्चच्या सणाच्या रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं पास्कूच विकत होता. शेवटची दोन उरली. एक स्वतःला ठेवलं, एक साडूपुढे धरलं. कायतान म्हणाला, "ह्ये नको, तुझ्या खिशातलं दे."

"दोन्ही सारखीच हायत रे."

"मग दे की. सारखीच हायत तर तुझं काय जातंय?"

पास्कूनं तिकीट बदलून दिलं, आणि त्याच तिकिटाला मिक्सर लागला. तेव्हापासून वर्षभर तो बायकोला सांगत होता, "ह्यो मिक्सर आपला हाय. फक्त त्यांच्याकडं ऱ्हायला गेलाय."

सेलिन म्हणायची, "मग मी आपल्याच मिक्सरवर खोबरं वाटून आणते," आणि वाटी घेऊन बहिणीकडे जायची. त्या वाटपाचं कालवण पास्कूला तिखट लागायचं.

पण मिक्सर हे वरवरचं दुखणं. खरं दुखणं होतं पुढच्या दांड्याचं.

सणाच्या दिवशी मरियामातेची मूर्ती लाकडी चौकटीवर ठेवून चौघे जण गावभर फिरवतात. चौघांतला पुढचा उजवा दांडा म्हणजे सगळ्यात मोठा मान. तो ज्याच्याकडे, त्याच्या दारात मिरवणूक पहिली थांबते. आणि तो कुणाला मिळायचा हे सणाआधीच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. तांब्याच्या कळशीत नावं, आणि चिठ्ठी उचलायला गावातली सगळ्यात म्हातारी रेजिनमाय, कारण तिला आता अक्षर दिसत नाही. पास्कूच्या घरात बाबाचा फोटो होता, पुढचा उजवा दांडा खांद्यावर घेतलेला, छाती फुगवलेला. त्या फोटोखाली बसून पास्कू मोठा झाला, म्हातारपणाकडे निघाला, पण त्याची चिठ्ठी कधी निघाली नाही. कायतानची तीनदा निघाली. त्यातही दोनदा लागोपाठ!

"रेजिनमायला अक्षर दिसत नसेल," पास्कू म्हणायचा, "पण कायतानच्या कागदाचा वास येतो."

अशा माणसाला मोबाइलवर एक पास्टर सापडला. पास्टर गरजायचा: जुगार म्हणजे देवावरचा अविश्वास, नशिबाची पूजा. लॉटरी जुगार, पत्ते जुगार, हाऊझीचे आकडे जुगार. पास्कूचे कान टवकारले. इतकी वर्षं तो याला पोटदुखी समजत होता. ही तर श्रद्धा निघाली!

त्याच आठवड्यात फादर ऑस्विन मोटरसायकल ढकलत दुकानात आले. मूळचे वसईचे, अंगानं सडपातळ, स्वभावानं शांत. पास्कूनं ट्यूब काढली, पाण्यानं भरलेल्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे शोधता शोधता विषय काढला.

"फादर, एक इचारू? रागावणार न्हाय ना?"

"पंक्चर निघेपर्यंत तरी नाही."

"जुगार पाप हाय का न्हाय?"

"कोण खेळतोय?"

"आपलं चर्च. रॅफल हाय, हाऊझी हाय, दांड्याच्या चिठ्ठ्या हायत."

फादर बाकड्यावर बसले. "हे बघ, पोरांच्या तोंडचं काढून खेळलास तर पाप. कुणाला फसवलंस तर पाप. सोडवेनासं झालं तर पापाच्या वाटेला लागलास. पण सणाला चर्चच्या छपरासाठी तिकीट काढलंस आणि हसत हरलास, तर त्यात काही वाईट नाही."

"आणि हसत न्हाय हरलो तर?"

फादरनी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. "तर मग बघायला लागेल."

पास्कूनं घाईनं पुढचं अस्त्र काढलं. "क्रुसाखाली शिपायांनी येशूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. म्हंजे चिठ्ठी सैतानाची."

"आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला नेमलं, तेव्हा प्रेषितांनी काय टाकलं?"

"पास्टर अजून तिथवर आला न्हाय."

"चिठ्ठ्याच टाकल्या. शिपायांनी अंगरखा मिळवायला टाकल्या, प्रेषितांनी आपापली आवड बाजूला ठेवायला. टाकणाऱ्याच्या पोटात काय आहे, ते बघायचं."

इतक्यात पास्कूचा मोबाइल वाजला. मॅच सुरू होतेय, टीम लावा, अशी पैसे लावून खेळायच्या क्रिकेटची आठवण पडद्यावर झळकत होती. फादरनी वाचली.

"ते डोकं लावून असतं, फादर," पास्कू म्हणाला आणि घमेल्यात जवळजवळ तोंडच बुडवलं. बुडबुडा सापडला.

पण पास्कू हटला नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली, कळशी बाहेर आली, रेजिनमाय खुर्चीवर बसली, आणि पास्कू उठून उभा राहिला. मरियामातेचा दांडा म्हणजे काय मटक्याचा आकडा आहे? ज्याची लायकी, त्याला मान द्या. नशिबावर कशाला? बोलताना त्याचा आवाज सुंदर लागला. सेलिन खाली मान घालून बसली होती. नवऱ्याचा आवाज सुंदर लागला की पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं.

सणाच्या तयारीनं टेकीला आलेले फादर म्हणाले, "बरं. या वर्षी हात वर करून ठरवू. कोण कोण उभं राहतंय?"

पास्कू उभाच होता. मागून चार जणांनी कायतानला ढकलून उभं केलं. दोन साडू, मधे रिकामी कळशी.

"कायतानसाठी?"

बाकांवर हातांची वाडी उगवली.

"पास्कूसाठी?"

पदर सारखा करता करता सेलिनचा हात जेमतेम वर आला. पास्कू मान वळवून वळवून पाहत राहिला. मग त्याला दुसरा हात दिसला. चांगला सरळ, उंच, काखेत घामाचा डाग असलेला. कायतानचा.

पास्कूच्या अंगाची लाही झाली. माड याचा, मिक्सर याचा, सगळा गाव याचा. आणि आता चांगुलपणातही हाच पुढे! वर्षानुवर्षं चिठ्ठी निघत नव्हती तेव्हा नशिबाला शिव्या देता यायच्या, रात्री झोप लागायची. आता शिव्या कुणाला देणार? दर वर्षी त्या कळशीनं त्याची केवढी अब्रू झाकली होती, ते त्याला आत्ता दिसलं.

कायतान जवळ आला. "घे रे पास्कू, दांडा तू धर. माझा तीनदा झालाय."

"मला दान नको."

"दान कसलं? साडू हायस."

"म्हणूनच नको!" पास्कू ओरडला, आणि मग फादरकडे वळून, सगळ्यांसमोर, खालच्या आवाजात म्हणाला, "फादर, चिठ्ठ्या टाका."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आरं, पण तो जुगार ना?"

चर्चमध्ये हसू उसळलं. फादर हसले नाहीत. "टाकू. पण आधी सांग, कुणाचंही नाव निघालं तर चालेल?"

पास्कूला खोटं बोलायचं होतं. पण समोर मरियामाता होती आणि बाजूला सेलिन. तो म्हणाला, "कायतानचं सोडून."

"तेवढं तरी खरं बोललास," फादर म्हणाले, "पण त्याचंही नाव टाकणार."

नावं पडली. रेजिनमायनं कळशीत हात घातला, ढवळलं, चिठ्ठी दिली. फादरनी वाचलं: "बेनेदित."

बेनेदित म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा, काटकुळा, गावाच्या पार टोकाला राहणारा. त्याला स्वतःलाही दोनदा सांगावं लागलं.

सवयीनं पास्कूनं आधी साडूकडे पाहिलं, आणि थबकला. कायतान टाळ्या वाजवत होता. तोंड मात्र उतरलं होतं, डोळे बेनेदितच्या हाडकुळ्या खांद्यावर खिळले होते. ती नजर पास्कूनं रोज दाढी करताना आरशात पाहिली होती. म्हणजे तीनदा मिळूनही ह्याचं पोट भरलं नव्हतं! चौथ्यांदा हवाच होता त्याला, वर हात करूनसुद्धा! पास्कूला त्या क्षणी साडूबद्दल इतका उमाळा आला की त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या दुपारी सेलिन खोबऱ्याची वाटी घेऊन निघाली तेव्हा पास्कूनं ती काढून घेतली आणि स्वतः गेला. मिक्सरपाशी उभा राहून वाटप करून आणलं. ओलिंदानं बहिणीला फोन करून विचारलं, "ह्याची तब्येत बरी हाय ना?"

सणाच्या दिवशी बेनेदितनं पुढचा उजवा दांडा धरला. मूर्ती त्याच्या बाजूला जरा कलली होती. मिरवणूक त्याच्या दारापाशी, गावाच्या टोकाला, पहिली थांबली. सगळ्यांना उन्हातून चालावं लागलं. मागे दोन साडू खांद्याला खांदा लावून चालत होते.

"दांडा धरायचा कसा, कळत न्हाय त्याला," कायतान पुटपुटला.

"कोपर बाहेर काढतोय बघ," पास्कू म्हणाला. "बाबा कधी कोपर बाहेर काढायचा न्हाय."

"पुढल्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली तर दाखवतो त्याला."

पास्कूनं त्याच्याकडे तिरकं पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, घाईनं क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "तुझी कशाला निघते?"