देणारीचा शब्द

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. आमच्या तापीकाठच्या गावातला पहिला बी.ए. मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच फुईनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीनं, मला नंदुरबारच्या वकिलाकडे नेलं.

फुई विधवा, पोटी मूल नाही. शेजारची तरुण विधवा क्षयानं अंथरुणाला खिळलेली. आमच्याच जातीतली. तिचा दोन वर्षांचा मुलगा फुईच्याच अंगाखांद्यावर वाढत होता. फुईला तो दत्तक घ्यायचा होता. नाहीतर, विधवेला शेतजमीन हयातीपुरतीच म्हणून, फुईच्या मागे दीर वावर घेणार आणि पोरगं उघड्यावर पडणार.

वकील म्हणाले, "दत्तक कागदानं होत नाही. मूल द्यावं लागतं. बाप गेला, तर आईनंच. तिला उठवत नसेल तर दुसऱ्यानं उचलून मांडीवर दिलं तरी चालेल. पण 'देते' असं तिनंच म्हणायला हवं. तिच्यामागे मामाला नाही, आजीला नाही, कोणालाच तो हक्क नाही."

घरी येताना मी ते फुईला अहिराणीत नीट समजावलं.

"म्हंजे ती जित्ती शे तवलोंग?"

"हो, ती जिवंत आहे तोवरच."

दुसऱ्या दिवशी ती पेज घेऊन गेली, मीही गेलो. आजारी बाई पोराकडे बघत म्हणाली, "मी बरी व्हयनू का याले जत्रा दखाडसू."

"हा, दखाडजो," फुई म्हणाली, आणि पेज भरवत राहिली.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "मी इचारू का?"

"खबरदार! ती जगाना इचार करी ऱ्हायनी, अनं मी तिन्हा पोऱ्या मांगू? मांगं का तिले समजी जाई."

रोज पेज गेली. विचारणं झालं नाही. पौषात ती बाई गेली.

आम्ही पुन्हा वकिलांकडे गेलो, तर आता काही होणार नाही म्हणून त्यांनी मान हलवली. दीर ओट्यावर येऊन हसत म्हणाला, "वहिनी, पोऱ्याले खुशाल खावाड. पन वावरना सपनं नको दखाडू."

फुईनं पोराला खाऊ घातलं, शाळेत घातलं. ती गेली तेव्हा तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. अग्नी दिरानं दिला. पोराला कोणी पुढे होऊ दिलं नाही, आणि मीही कायदा जाणून गप्प उभा होतो. तेराव्यानंतर घराला कुलूप लागलं. पोरगं कपड्यांचं गाठोडं घेऊन माझ्याबरोबर माझ्या नोकरीच्या गावी निघालं.

वेशीबाहेर त्यानं विचारलं, "दादा, मी तिन्हा कोन व्हतू?"

"लेक," मी म्हटलं. तेवढं म्हणायलासुद्धा गावाबाहेर यावं लागलं.