बारा मिनिटांचा गेम

दुपारचं जेवण झालंय. अंबादास खडके खाटेवर आडवे होतात. खाटेखाली गेमच्या मासिकांचे चार गठ्ठे सुतळीने बांधून तयार आहेत. पाच वाजता युसूफभाई रद्दी न्यायला येणार. एकच अंक बांधायचा राहिलाय. त्यातली चित्रं चाळता चाळता डोळे जड होतात. पान हरवू नये म्हणून ते मधे बोट घालून ठेवतात. पंखा फिरतोय. मग पंख्याचा आवाज कमी कमी होत जातो आणि त्याच्याखालून कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागते.

त्यांची बायको शैला टेबलाशी बसली आहे. तिला जाऊन आठ महिने झाले, हे दोघांनाही ठाऊक आहे, पण तो विषय कोणी काढत नाही.

"आज लाईट कधी जाणार हो?" ती मागे न बघता विचारते.

"सव्वातीनला."

"मग होतील तीन डाव."

अंबादास बार्शीत वायरमन होते. भारनियमनाच्या दिवसांत कुठली लाईन कधी बंद होणार हे त्यांना सकाळीच कळायचं, आणि बायकोला ते सांगूनच ते घराबाहेर पडायचे. शैला घरी लग्नपत्रिकांचं टाइपसेटिंग करायची, त्यासाठी कॉम्प्युटर घेतलेला. गेमचं मासिक मात्र तिचं स्वतःचं, दर महिन्याला स्टँडवरच्या स्टॉलवरून आणलेलं. त्यावर चिकटवलेल्या सीडीत डेमो असायचे, म्हणजे गेमचा नमुन्यापुरता पहिला तुकडा. शैलाने त्यातला एक धरला तो कायमचाच. एक बंदर, एक गोदाम आणि शेवटी लोखंडी फाटक. फाटकाला हात लावला की डेमो संपला. बारा मिनिटं. मधे खेळ साठवून ठेवायची सोय नाही. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आता टेबल नाही. पायाखाली बंदराची ओली फरशी आहे आणि तिला लागूनच सबस्टेशनचं तारेचं कुंपण. अंबादासना त्याचं नवल वाटत नाही. कमरेला त्यांचा जुना सेफ्टी बेल्ट आहे. शैला पुढे चालली आहे.

"इथं थांबा," ती हळूच म्हणते. "पहारेकरी वळू दे. मग चार पावलं."

पहारेकरी वळतो. ती चारच पावलं टाकते. मग पिवळ्या खोक्यावर, तिथून क्रेनच्या शिडीवर, तिथून उडी मारून गोदामाच्या पत्र्यावर. पत्रा वाजत नाही. अंबादासनी तीस वर्षं खांब चढण्यात घालवली, पण इतका नेमका पाय कुणाचा पडलेला बघितला नाही. ही वाट मासिकवाल्यांनाही माहीत नव्हती. शैलाने ती शोधली, त्यांना पत्र लिहून कळवली, आणि पत्र छापून आलं.

"त्यांचं उत्तर आठवतंय?" ती पत्र्यावरून विचारते.

"प्रिय मिस्टर खडके."

"उड्या मारायच्या मी आणि मिस्टर तुम्ही."

"ऑफिसात दोघांनी माझं अभिनंदनही केलं होतं."

"आणि तुम्ही त्यांना चहा पाजलात. कळलं होतं मला."

पत्र्यावरून फाटकापलीकडचं थोडं दिसतं. जरासं पाणी, एक दिवा. तेवढंच काढलेलं आहे, पुढे नुसतं करडं.

दोघं खाली उतरतात. फाटकापाशी पोचतात, तर ते त्यांच्या स्वयंपाकघराचं दार आहे. ओट्यावर गेमचा तो डबा ठेवलाय. प्लास्टिकसुद्धा न काढलेला.

लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा अंबादास पुण्याला जाऊन, दुकानात कॉलेजच्या पोरांमध्ये उभं राहून, तिच्यासाठी पूर्ण गेम घेऊन आले होते. शैलाने डबा दोन्ही हातांनी घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, "छान आहे" म्हणाली आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डेमोच. त्यानंतर अठरा वर्षं अंबादासच्या मनात एकच राहिलं, की हिला काय आवडतं ते आपल्याला कधी कळलंच नाही.

"का गं उघडला नाहीस?" ते विचारतात. ती होती तोवर हे तोंडातून निघालं नव्हतं.

"मोटर जोडताना तुम्ही आधी काय बघता?"

"तिच्यावरची पाटी. किती व्होल्ट, किती हॉर्सपॉवर. ती न वाचता वायर लावेल तो कसला वायरमन."

"आणि डबा आणलात चित्र बघून."

ती डबा उलटा करते. मागे मुंगीएवढं इंग्रजी अक्षर.

"माझा डेमो पहिल्या भागाचा. हा दुसरा भाग," शैला म्हणते. "याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आपलं मशीन लग्नपत्रिकांचं. चाललाच नसता."

"मग सांगायचं की."

"सांगितलं असतं तर सकाळच्या एसटीने पुन्हा पुण्याला निघाला असता. खांबावरून पडून पाय मोडलेला, महिना झाला नव्हता प्लास्टर काढून. डबा आणलात तेव्हाच जिना कसा चढलात ते बघितलं मी."

"मला वाटलं, तुला नकोच होता."

"हवा होता हो," ती म्हणते. "फार हवा होता. तुम्ही तरी कधी विचारलंत?"

ती डबा त्यांच्या हातात देते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.

"वाजले बघा सव्वातीन."

लाईट जाते.

पंखा फिरतोय. उन्हाची तिरीप खाटेच्या पायापर्यंत आली आहे. डबा कुठे नाही, तो कपाटात आहे तिथेच आहे. अंकात घातलेलं बोट मात्र अजून तसंच आहे, आणि मुंग्या आल्यात त्याला.

ते उठून बसतात, चष्मा लावतात. पानावर त्याच दुसऱ्या भागाबद्दल लिहिलंय. डब्यावरचं चित्र ते लगेच ओळखतात. झोपण्याआधी हेच पान बघितलं होतं की दुसरं, ते आठवत नाही. पानाच्या कोपऱ्यात एक चौकट आहे, मोटरीच्या पाटीसारखी, आत बारीक अक्षरं आणि आकडे. एका ओळीभोवती पेन्सिलीने गोल केलाय. शेजारी शैलाचं तिरकं अक्षर:

"आपल्याकडे चालणार नाही. यांना सांगायचं नाही."

अंबादास त्या ओळीवर अंगठा ठेवून बसून राहतात. मग अंगठ्याने अक्षर पुसेल म्हणून उचलतात.

थोड्या वेळाने ते खाली वाकून पहिला गठ्ठा ओढतात. गाठ त्यांनी लाईनवर मारायचे तशीच मारलीय, सुटता सुटत नाही. दात लावून सोडतात. वरच्या अंकाच्या समासातही पेन्सिल आहे. त्याच्या खालच्याही.

रस्त्यावरून हातगाडीची घंटा वाजते.

"खडकेसाहेब, रद्दी बांधून ठेवलीय ना?" युसूफभाई खालून विचारतात.

अंबादास खिडकीशी जातात.

"नाही, युसूफभाई. अजून वाचायची राहिलीय."