मुदतवाढ

अस्मिता सुखदेवेला वस्तीत सगळे 'म्युझियमवाली' म्हणतात, आणि निम्म्या वस्तीला ती सरकारी नोकरीत आहे असंच वाटतं. तिनेही हा समज कधी मोडून काढला नाही. लेकीच्या, पायलच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा नवऱ्याने पाहुण्यांपुढे छाती फुगवून "आमची बाई सरकारी संग्रहालयात असते" असं सांगून टाकलं, आणि ती आत पोहे परतत राहिली. खोटं तरी काय होतं त्यात? इमारत सरकारी, काचा सरकारी, काचेमागचे पक्षी सरकारी. अस्मिता तेवढी ठेकेदाराची.

प्रताप नगरकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या त्या संग्रहालयात ती पक्ष्यांचं दालन सांभाळते. भुसा भरलेला सारस, दोन घुबडं, एक डोळा निखळलेलं गिधाड. शाळेची पोरं आली की त्यांना काचेपासून लांब ठेवायचं, एरवी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि साहेब दिसले की उठायचं. पायल बालवाडीत होती तेव्हापासून ती ह्याच दाराशी आहे. मधल्या काळात ठेकेदार किती बदलले हे तिला सांगता येणार नाही, पण साड्यांचे रंग आठवतात. आधी निळा, मग मेंदी, मग तो भयंकर जांभळा. दर निविदेनंतर नवी कंपनी यायची, नवी साडी द्यायची, नवं ओळखपत्र गळ्यात घालायची, आणि त्या ओळखपत्रावर रुजू झाल्याची तारीखही नवीच. केस पिकले तरी बाई कागदावर कालच लागलेली!

कंपनी कोणतीही असो, वापसी मात्र ठरलेली. हा शब्द कुठल्या निविदेत सापडायचा नाही. पगार बँकेत पुरा जमा होतो, अगदी सरकारी दराने. दुसऱ्या दिवशी एटीएमला जायचं, ठेकेदाराचा वाटा काढायचा, पाकिटात घालायचा आणि सुपरवायझर विक्कीच्या हातात ठेवायचा. सही नाही, नोंद नाही. उद्या कुणी तपासायला आलंच तर पासबुक कसं धुतल्या तांदळासारखं. जो सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम, असा सरकारचा नियम आहे. मग इतका कमी दर भरून त्या माणसाने नफा खायचा कुठून? तर ह्या बायांच्या पाकिटांतून. खालच्या मजल्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि वरच्या मजल्यावर कुणालाच नाही, निदान तसं वागायची पद्धत होती.

ती पद्धत नव्या अभिरक्षक, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख, अरुंधती मॅडमनी मोडली. बाई सुखवस्तू धरमपेठेतल्या, बोलायला मऊ, पण कामाला खमक्या. संग्रहालयातल्या बायांची नावं पाठ असलेला हा पहिलाच अधिकारी. आल्या आल्या त्यांनी पक्ष्यांच्या दालनातला बंद पंखा सुरू करून घेतला होता. एका दुपारी त्यांनी अस्मिताला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि पाहुण्यांसाठीच्या कपातून चहा मागवला. तो कप बघून अस्मिता खुर्चीच्या कडेवरच टेकली.

"अस्मिताताई, ठेक्याची मुदतवाढ माझ्या टेबलावर आलीय. पण तुमच्या पगारातून पैसे परत घेतात असं माझ्या कानावर आलंय. खरं आहे का? तुमचं नाव कुठेही येणार नाही."

अस्मिताला प्रेमलता आठवली. नाण्यांच्या दालनातली. असाच एक भला साहेब मागे येऊन गेला, त्याने असंच विचारलं, आणि प्रेमलताने घडाघडा सगळं सांगितलं होतं. ठेका रद्द झाला. पेपरात बातमीही आली. मग नवी निविदा निघाली, तिच्यावर कुणी हरकत घेतली, प्रकरण लोंबकळलं, दालनांना कुलुपं लागली आणि बाया घरी बसल्या. अस्मिताने त्या दिवसांत लोकांच्या पोळ्या लाटल्या. अखेर नवी कंपनी आली ती जुन्या ठेकेदाराच्या मेहुण्याची निघाली. सगळ्यांना परत घेतलं, प्रेमलतासाठी तेवढी जागा नव्हती. ती आता खापरखेड्याच्या कॉलनीत धुणीभांडी करते. आणि गंमत बघा, बायांनी शिव्या घातल्या त्या ठेकेदाराला नाही, प्रेमलताला. अस्मितासुद्धा तिला लांबून बघून रस्ता बदलायची.

"मॅडम, समजा कोनी हाव म्हनलं, तर मंग काय होईन?"

"मी मुदतवाढ देणार नाही. ठेका रद्द करायचा प्रस्ताव पाठवीन, त्याला काळ्या यादीत टाकायला सांगीन."

"आन् आमी?"

"नवी निविदा होईपर्यंत तुम्हाला थेट ठेवायचा अधिकार मला नाही, अस्मिताताई. पण लवकर होईल. मी स्वतः पाठपुरावा करीन."

त्यांनी थाप मारली नाही. एखाद्या लबाड साहेबाने "काळजी करू नका" म्हणून वेळ मारून नेली असती, आणि अस्मिताला त्याच्यावर सगळं ढकलता आलं असतं. बाई सरळ होती, ह्याचाच तिला राग आला. लग्न तोंडावर होतं. विहारामागचा हॉल ठरला होता. पाहुण्यांना सरकारी नोकरीवाली विहीण हवी होती, घरी बसलेली नाही. आणि खाली बाकीच्या बाया जिन्याकडे डोळे लावून बसल्या असणार हे तिला न बघताही दिसत होतं.

"पुरा भेटते, मॅडम. बँकेत येते ना. पासबुक पाहून घ्या."

"नक्की? भिऊ नका."

"भ्यायले काय झालं? मी खोटं कायले बोलीन?"

आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. मॅडमनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"बरं झालं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. तुमच्या शब्दासाठीच फाईल थांबवली होती."

आणि त्यांनी तिच्यादेखत पेनचं टोपण काढून सही केली. अस्मिताने चहा कसाबसा संपवला. तो संपवल्याशिवाय उठणं बरं दिसलं नसतं.

जिन्याखाली सिंधूताई उभीच होती. शस्त्रांच्या दालनातली, अस्मिताच्या खालोखाल जुनी. "काय म्हनलं वं मॅडमनं? तुनं काय सांगतलं?"

"काई नाई सांगतलं."

"लय चांगलं केलं माय," म्हणत सिंधूताईने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्या दुपारी एकीने तिला डब्यातलं लोणचं आणून दिलं, दुसरीने तिच्या दालनाच्या काचा पुसून दिल्या. कुणी इतकं प्रेमाने वागलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

आठवडा उलटला असेल, विक्की संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. "घ्या ताई, तोंड गोड करा. शेठ लय खुश हायेत. तुमच्या एका शब्दावर काम झालं म्हने." मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "मले दुसऱ्या साइटवर पाठवून राहिले. इथली वापसी आता तुमी जमा करा. बाया तुमचं ऐकतात. तुमची सोताची माफ. बाकीच्यायची थोडी वाढन."

"मले नको हे गा. दुसरीले सांग."

"दुसरी कोन हाये?"

"मी मॅडमले जाऊन सांगीन."

विक्की हसला नाही, दरडावलाही नाही. पोरगा मनाने वाईट नव्हता. उलट त्याला तिची कीव आल्यासारखी दिसली. "काय सांगसान ताई? वापसी घेतच नाईत म्हनून तुमीच सांगतलं न त्याह्यले?"

त्याने बर्फीचा डबा तिच्या खुर्चीवर ठेवला आणि तो फाटकाकडे चालू लागला.

पुढचा पगार जमा झाल्याचे मेसेज आले. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी बाया पक्ष्यांच्या दालनात एकेक करून आल्या. वाढीव आकडा अस्मितानेच आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितला होता. सांगताना तिने जमिनीकडे बघितलं, आणि कुणी एक अक्षर उलट बोललं नाही. भांडल्या असत्या तर तिला रडता तरी आलं असतं.

पहिली सिंधूताई आली. तिने पदराखालून पाकीट काढलं, अस्मिताच्या मांडीवर ठेवलं आणि साहेबांपुढून सरावं तशी दोन पावलं मागे सरली.

"मोजून घ्या, मॅडम," ती म्हणाली.