‘सौ.’च्या जागेवर

माझी तीन नावं आहेत आणि त्यांतलं एकही फारसं वापरात नाही. पहिलं बारशात ठेवलेलं, त्यापुढे वडिलांचं नाव, त्यापुढे माहेरचं आडनाव. दुसरं लग्नानंतर सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. तिसरं आधार कार्डावरचं, म्हणजे नाव बारशातलं, मधलं नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. पण यवतला माहेरी मला सगळे ‘ताई’ म्हणतात. सासरी रांजणगावच्या अलीकडच्या आमच्या गावात मी ‘सूनबाई’. आणि पुण्यात विद्यापीठात नुसतं आडनाव, पुढे ‘मॅडम’. पीएच.डी. करणारी माणसं एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणतात, अगदी दुसऱ्याच्या डब्यातली भाजी पळवतानाही. आपल्याला पुढेमागे कुणीतरी तसं म्हणावं, याची ती तालीम असते.

यवतहून निघायचं, चौफुल्याला वळायचं, पारगावचा पूल ओलांडायचा. भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. लग्नानंतर या रस्त्याने मी इतक्या वेळा ये-जा केली आहे की पूल आला की माझी मान आपोआप ‘ताई’वरून ‘सूनबाई’वर वळते.

सासरी मी पीएच.डी. करते ही गोष्ट कळली तेव्हा मला चौथं नाव मिळालं, डॉक्टरीणबाई. पदवीचा पत्ता नव्हता, प्रबंधाची दोन प्रकरणं कशीबशी झाली होती. माझा विषय फुलांच्या बाजाराचा. शेवंतीचा भाव कोण ठरवतं, कसा ठरवतं, त्यात बायकांच्या हाती काय लागतं, असा. हे मी शेजारच्या आबांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते झेंडूचा डहाळा घेऊन दारात.

"डॉक्टरीणबाई, करपा पडलाय बगा. काय मारू?"

"आबा, मी रोगांची डॉक्टर नाही हो. भावांचा अभ्यास करते."

आबांनी डहाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग भाव तरी वाढवा की," म्हणाले.

मी हा किस्सा माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितला तर म्हणाल्या, शेवटच्या प्रकरणात टाक.

चुलत सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, तऱ्हा वेगळी. आप्पा हौशी. लग्नाला जाऊ तिथे ते माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची सून. भावी डॉक्टर." मी एकदा चिडून म्हटलं, आप्पा, भावी काय भावी? आप्पा म्हणाले, "त्यात काय वाईट? निम्मा तालुका भावीच हाय. कुणी भावी सरपंच, कुणी भावी सभापती. तू तर खरीच हुनार हायस." मी रागावले होते खरी, पण हसू आवरलं नाही.

या सगळ्या नावांच्या गर्दीत तांदळातल्या नावाने मला हाक मारणारं एकच माणूस, माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. तांदळातलं नाव त्यांनीच निवडलं होतं, कारण माझ्या नावाची एक जाऊ घरात आधीच होती. आत्या कमी बोलतात. मी आले त्याच्या आधीच सासरे गेलेले. घर, जनावरं, दोन एकर भाजीपाला आणि गावातल्या बायकांचा बचत गट, सगळं त्या चालवतात. गटाचा फळा आमच्याच ओट्यावरच्या भिंतीवर रंगवलेला आहे. निळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं. फक्त ‘अध्यक्षा’च्या पुढे पेंटरने माती खाल्ली आहे. तिथे ‘श्रीमती’ हा शब्द इतका दाबून बसवलाय की मुंग्यांची रांग वाटावी. घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्या पेंटरला एकदा तरी नावं ठेवतो. मीही ठेवत असे.

तर, प्रबंध झाला. तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हात हातात घेऊन "अभिनंदन, डॉक्टर" म्हटलं, तेव्हा मी मागे वळून बघितलं की कुणाला म्हणतायत. त्यानंतर विभागातल्या कार्यालयात गेले, तर तिथल्या बाईंनी डोकं वर न करता विचारलं, "प्रमाणपत्रावर नाव कुठलं हवंय?"

नोंदणी केली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे सगळीकडे माहेरचं नाव होतं. प्रबंधावरही तेच छापलं होतं. घरात सगळ्यांनी प्रबंध हातात घेतला, वजन बघितलं, "बाप रे" म्हणाले आणि फडताळात ठेवला. कव्हर कुणी वाचलं नव्हतं. बाई म्हणाल्या, लग्नानंतरचं नाव हवं असेल तर आठवड्यात कागद आणून द्या, एकदा छापलं की मग आमच्याकडे येऊ नका.

मला माझं जुनंच नाव हवं होतं. हे मी अगदी स्पष्ट सांगते. शेवंतीच्या शेतात वडिलांच्या मागे मागे फिरत पहिले प्रश्न विचारणारी मुलगी त्या नावाची होती. ते नाव गेलं असतं तर डॉक्टर झालेली बाई दुसरीच कुणीतरी असती. पण आत्यांनी हौसेने ठेवलेलं नाव, त्यांच्या मुलाचं नाव, त्यांचं आडनाव, यांतलं काहीही त्या मोठ्या कागदावर नसणार, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मला शिकू दिलं ते त्यांनी. मी पुण्याला गेले की धारा त्यांनी काढल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय, कुठलंबी चालतंय. आईला विचार." तो कंपनीच्या बसमध्ये चढून गेला आणि मी चार दिवस आत्यांच्या मागे-पुढे घुटमळत राहिले. विचारणं काही जमेना.

तेवढ्यात आप्पांनी फ्लेक्सचं काढलं. भावीचं खरं झालं होतं, आता चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. आत्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवायची होती. म्हणून आप्पांच्या गाडीतून आम्ही तिघं शिरूरला गेलो. चष्मा झाला आणि एसटी स्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरलो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर एका बैलाचा वाढदिवस चालला होता. बैलाच्या गळ्यात हार, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली वीसेक तोंडं. त्याने बैल बाजूला सारला आणि म्हणाला, "हां, म्याडमचं पूर्ण नाव सांगा."

आप्पांनी तांदळातलं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव आणि आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं. दुकानदाराने टाइप केलं. आता कागदाचंही ठरल्यासारखं झालं होतं.

"फुडं डॉ. सौ. टाकू का सौ. डॉ.?" दुकानदाराने विचारलं.

"सौ. आधी," आप्पा म्हणाले. "लगीन आधी झालंय, डॉक्टर मागनं झाली."

"आवं आप्पा, समदीकडं डॉ. सौ. असंच चालतंय."

"चालू दे की. आपल्यात रीतीनं ल्हा. आन् सौ. जरा मोठं घ्या."

दोघांची चांगली जुंपली. दुकानदार म्हणे मोठी पदवी पुढे, आप्पा म्हणे मग सौ. काय लहान आहे का? मला एकदाही कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते कोण जाणे. आत्या स्टुलावर बसून नव्या काडीचा चष्मा लावून पडद्याकडे बघत होत्या.

"सौ. काढा वो," त्या म्हणाल्या.

दुकानदाराचा माउसवरचा हात थांबला. आप्पा तर घाबरलेच. "वैनी! काय बोलताय? पोरगा धडधाकट हाय, शिप्टला गेलाय. आन् त्याच्या बायकूचं सौ. काढा म्हन्ताय?"

"त्याला कशाला काय हुतंय," आत्या म्हणाल्या. "पर आपल्या फळ्यावरचं माझं सौ. पेंटरनं खरवडलं, तवा मी तिथंच ओट्यावर शेंगा निवडत बसले व्हते. माझं नाव तसंच ठिवलं, अध्यक्षा तसंच ठिवलं. तेवढंच खरवडलं. आन् तेवढ्या जागंत श्रीमती काय बसंना त्येला. तासभर झटत व्हता बिचारा."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मला तो फळा दिसला आणि ती मुंग्यांची रांग दिसली. इतकी वर्षं आम्ही सगळे पेंटरला हसत होतो, आणि त्या प्रत्येक वेळी आत्या चहा घेऊन तिथेच उभ्या असायच्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे तुझं डॉ. पुढं कवा खरवडावं लागतं का?"

"नाही, आत्या."

"कुनाला काय झालं तरी?"

"काही झालं तरी नाही."

"मंग तेवढंच ठिवा," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. आणि मला विचारलं, "तिकडं कागदावर कंचं नाव येनार हाय तुझं?"

आता टाळून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही. परीक्षा सगळी जुन्या नावानं दिली. पण तुम्ही म्हणाल तर..."

"मी कशाला म्हनू? ज्या नावानं शिकलीस त्याच नावानं येऊ दे. मी ठिवलेलं घरात असू दे. मला हाक माराया."

आणि त्यांनी दुकानदाराला माझं नाव सांगितलं. बारशातलं, वडिलांचं, माहेरच्या आडनावासकट, एकही अक्षर न चुकता. लग्न झाल्यापासून त्या घरातल्या कुणाच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं. मी विचारलं, आत्या, तुम्हाला कसं पाठ? तर म्हणाल्या, "तुझ्या लग्नाची पत्रिका मी वाचली की. चि. सौ. कां.च्या पुढं व्हतं." मला रडू आलं. फ्लेक्सच्या दुकानात, बैलाच्या वाढदिवसासमोर, मी चांगली हुंदके देऊन रडले. आप्पा गडबडून गेले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, दुकानदारालासुद्धा. चहा पिता पिता त्यांनी एवढंच मान्य करून घेतलं की शुभेच्छुकांत त्यांचा फोटो मात्र मोठा असेल.

तिसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला. आप्पांचा फोटो खरंच मोठा होता. माझ्या फोटोची दुकानदाराने इतकी रंगसफेदी केली होती की नवऱ्यानेही दुचाकी थांबवून दोनदा बघितलं. नाव जुनं, चेहरा नवा, त्यामुळे गावात कुणालाच पत्ता लागेना. त्या दिवशी मी आणि आत्या वाणसामान घेऊन चौकातून येत होतो, तर करपावाले आबा फ्लेक्सखाली मान वर करून उभे.

"ही कोन गं डॉक्टर?" आबांनी आत्यांना विचारलं. "हे नाव काय आपल्या गावातलं वाटत न्हाई."

आत्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा सारखा केला आणि ते नाव पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"आमची हाय," त्या म्हणाल्या.