महालक्ष्म्यांचे हार आणि चिंचेचा कोळ

आमच्या मारेगावच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी, त्यामुळे दोघींना सगळं सारखं लागतं. साडी सारखी, नथ सारखी, हार सारखा. एकीला काही कमी पडलं तर ती रुसते आणि वर्षभर घरात कटकटी होतात, असं सासूबाईंचं ठाम मत आहे. आम्ही दोघी जावा वर्षभर एकमेकींवर धुसफुसायचो, त्याचं खापर कोणत्या देवीवर फोडायचं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि सणाचा सगळा कारभार त्यांनी थोरल्या जाऊबाईंकडे सोपवला. तोही सगळ्यांसमोर, "पाहू आता, निभते का तुह्याच्यानं," असं म्हणून. म्हणजे परीक्षाच. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या वाट्याला काय, तर कनिष्ठेच्या हाराची सफाई. ज्येष्ठेचा हार जाऊबाईंनी स्वतःकडे ठेवला.

हार एक ग्रॅमचे, म्हणजे वरून फक्त सोन्याचं पाणी. गेल्या वर्षी वणीच्या बाजारात ते घेताना दुकानदार चाचांनी बजावलं होतं, "भाभी, इसको घिसना मत, हलके से पोंछना." ते मी एकटीनेच ऐकलं, जाऊबाई तेव्हा शेजारच्या दुकानात बांगड्या पाहत होत्या. पण आमच्या घरी देवाचं जे काही असेल ते चिंच-मिठानंच निघालं पाहिजे. साबणाला बंदी. "साबनात चरबी रायते," सासूबाई म्हणतात. म्हणून मी न्हाणीचं दार आतून लावून घेतलं, कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकला, मऊ ब्रशने खाचा हलकेच साफ केल्या, मलमलीने हार टिपला आणि पंख्याखाली सुकवला. असा झळकला की मी तो आधी स्वतःच्या गळ्यात घालून आरशात पाहून घेतला. देवीला तेवढं चालत असावं.

मग मिरवायला म्हणून अंगणात गेले. जाऊबाई पाटावर बसून, नारळाच्या शेंडीला चिंचेचा कोळ आणि मीठ लावून, समई घासावी तसा ज्येष्ठेचा हार घासत होत्या. त्यांच्या हाताचा जोर गल्लीत प्रसिद्ध आहे. हार पांढराफटक पडला होता. मधूनमधून पिवळं उरलं होतं, तेही काढायच्या त्या मागे लागल्या होत्या.

"ताई, काय करून राह्यल्या हे?"

"पाय ना, कित्ती मळ निघून राह्यला!"

"मळ नाही तो, ताई. सोनं होतं ते."

शेंडी त्यांच्या हातातून गळून पडली. मला आधी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या, हे कबूल केलेलं बरं. भांडणात कधीही हार न मानणारी ही बाई, पण आता ती पदराने हार झाकून सासूबाईंच्या खोलीकडे पाहत होती. "आता आई साऱ्याइसमोर म्हणतीन, हिच्यानं निभलं नाही," त्या पुटपुटल्या. तेव्हा मात्र माझा आनंद आटला. मला त्यांची खरोखर कीव आली, आणि कीव आल्याचाही राग आला.

संध्याकाळी महालक्ष्म्या घरात येणार होत्या. वणीला जाऊन यायला वेळ नव्हता. जाऊबाईंनी हळद लावून पाहिली, तर हाराला कावीळ झाल्यासारखं दिसायला लागलं. एकीच्या गळ्यात पिवळाधमक आणि एकीच्या गळ्यात पांढरा, हे काही सासूबाईंच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

मी आत गेले, माझा लखलखीत हार घेऊन आले आणि म्हटलं, "सरका तिकडे."

पहिला हात मी अगदी हलका फिरवला. जाऊबाई डोळे पुसून म्हणाल्या, "असं कुरवाळून काय होते? जोर लाव. मीठ घे अजून." ज्यांच्यासाठी मी हार बिघडवत होते, त्याच मला तो नीट बिघडवायला शिकवत होत्या. मी दातओठ खाऊन घासलं. शेवटी दोन्ही हार अगदी सारखे पांढरे झाले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी चष्म्याविना लांबूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी जेवणाला बायका जमल्या. शेजारीण मोबाइलवर फोटो काढता काढता थांबली. "अवं बाप्पा, औंदा चांदीचे हार केले काय? लय शोभून राह्यले!"

खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी चष्मा लावला. एक हार पाहिला, दुसरा पाहिला, मग आम्हा दोघींना पाहिलं. मी घाईने आंबिलीचं पातेलं घेऊन वाढायला वाकले.

"मोठ्या सुनेनं केले," त्या शेजारणीला म्हणाल्या.

जाऊबाईंनी पदर सावरला. "मी एकटीनं नाही, आई. आमी दोघीनं मिळून केले."

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून 'आमी दोघी' मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेजारीण जेवायला वळल्यावर सासूबाईंनी आम्हाला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या साली बी तुमी दोघीच पायजा सारं. पन हार परत पिवळे आनजा."