कातळावर मारलेले खड्डे

जांभूळ गावाजवळच्या वाडीतल्या हिराबाई नसत्या, तर माझी सुपरवायझरची नोकरी त्याच दिवशी गेली असती. हे आधी सांगतो, राग नंतर.

नव्वदीची सुरुवात होती. मी सातवीत शाळा सोडून लातूरकडून आलेला. अंबरनाथच्या एका कंपनीला 'ग्रीन बेल्ट' दाखवायचा होता, म्हणजे कारखान्याच्या नावावर झाडं. आमच्या कंत्राटदार साहेबांनी वाडीमागचा माळ मे महिन्यात जीपमध्ये बसूनच पाहिला. कागदावर लिहिलं, 'पडीक, झुडपी'. मला हुकूम, जाळ्या तोडा, खड्डे मारा.

जाळ्या करवंदांच्या होत्या. हिराबाई ती करवंदं बदलापूरला विकायच्या. मी कोयते चालवले.

"दादा, खाली कातळ हाय," त्या म्हणाल्या. "पावसात पानी उभं रातं. झाडं कुजतील तुमची."

मी साहेबांना सांगितलं.

"तू शिकलास किती? खड्डे मार."

ऑगस्टमध्ये खड्ड्यांची डबकी झाली. जिथे हात लावला नव्हता तिथे गवत आणि निळी फुलं, आमची रोपं मात्र काळी. कंपनीचे इंजिनिअर 'सर्व्हायव्हल' मोजायला आले, म्हणजे किती रोपं जगली ते. साहेबांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"ह्याने उथळ खड्डे मारले. आजच काढतो ह्याला."

गावी काय सांगू, एवढंच डोक्यात.

हिराबाई शेळ्या घेऊन तिथेच होत्या. त्यांनी मजुराच्या हातातली पहार घेतली आणि इंजिनिअरांपुढे धरली.

"तूच मार की रं बाबा खोल."

इंजिनिअरांनी मारली. वीतभर खाली खण्ण! दुसरीकडे मारली, तेच.

"ह्या दादानं सांगलं व्हतं. सायेब जीपमधनं उतरलाच नाय, त्याला कातळ कसा कळंल?"

मजूर हसले. नोकरी वाचली.

साहेबांचं काय झालं? काही नाही. रिपोर्टात लिहिलं, 'अतिवृष्टीमुळे रोपे मेली'. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत 'गॅप फिलिंग', म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी मरायला. अजून डोकं फिरतं.

पुढे एका नर्सरीत पुस्तक पाहिलं. हलकी माती, वारा, खुरटी झुडपं, अशा जमिनी विलायतेत आहेत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. तिकडे त्यांना 'हीथ' म्हणतात आणि राखतात. आपल्याकडे पडीक म्हणतात आणि पहार मारतात. जमीन बघायची तर खाली उतरावं, आणि पावसाळ्यात पुन्हा यावं. एवढंच शिकलो.

जाळ्या तोडल्याबद्दल हिराबाईंनी मला कधी बोल लावला नाही. तोडल्या तर मीच. एक दिवस त्या माळावर करवंदं लावून, पहिलं पीक त्यांच्या टोपलीत घालीन तेव्हाच मी त्यांचा उतराई होईन.